बीपीच्या गोळ्या, सुजलेले पाय आणि रात्रीची चक्कर

बीपीच्या गोळ्यांबद्दल ज्येष्ठ वाचकांची पत्रं बरीच आली, आणि त्याहून जास्त आली ती त्यांच्या सुना-मुलांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. चालू गोळी बंद करायची, कमी करायची की बदलायची, हे ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते मात्र खाली सापडेल.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू होती, दिवाळीनंतर १० केली. तेव्हापासून संध्याकाळी घोटे सुजतात, चपलेचे पट्टे रुततात. मग पाणी काढायची गोळी दिली. सूज तशीच राहिली, बाथरूमच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या. आता त्या म्हणतात, मी सगळ्याच गोळ्या बंद करते. — सूनबाई, मुलुंड

सासूबाईंची चिडचिड रास्त आहे, त्यावरचा उपाय मात्र चुकीचा.

अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या शिरांकडची बाजू ती तेवढी सैल करत नाही. केशवाहिन्यांत दाब साठतो आणि पाणी झिरपून आजूबाजूच्या मांसात उतरतं. दिवसभर पाय खाली लोंबत असतात म्हणून ते घोट्याशी जमतं. सकाळी सूज ओसरलेली दिसते, संध्याकाळी पुन्हा येते. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, आणि ५ वरून १० केल्यावर तर आणखी जास्त.

या सुजेत अंगात जास्तीचं पाणी साठलेलं नसतं. पाणी नको त्या जागी गेलेलं असतं. म्हणून टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी इथे फारशी उपयोगी पडत नाही. तिने लघवी वाढते, पोटॅशियम उतरतं, उभं राहताना चक्कर येते, आणि मग त्या चक्करेवर आणखी एक गोळी येते. एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने झाकायचा हा प्रकार ज्येष्ठांच्या फायलींमध्ये इतका दिसतो की गोळ्यांची यादी वाचताना आधी हीच साखळी शोधावी.

डॉक्टरांशी बोलताना तीन पर्याय पुढे ठेवा. एक, १० ची परत ५ करून जोडीला टेल्मिसार्टनसारखी 'सार्टन' गटातली गोळी. ही शिरांची बाजूही सैल करते, त्यामुळे बीपी आटोक्यात राहतं आणि सूजही कमी होते. दोन, अ‍ॅम्लोडिपिनऐवजी त्याच कुळातली पण सूज कमी आणणारी सिल्निडिपिन. तीन, गटच बदलणं. गोळी बदलली तरी पाय दुसऱ्या दिवशी उतरत नाहीत, कारण अ‍ॅम्लोडिपिन शरीरात बरेच दिवस रेंगाळते. एक-दोन आठवडे धीर धरा.

मात्र सगळी सूज गोळीच्या नावावर टाकू नका. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर शिरेत रक्ताची गाठ झाली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा. जिना चढताना धाप लागते, उताणं झोपवत नाही, उशा वाढवाव्या लागतात, तर हृदय तपासा. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल, तर मूत्रपिंड.

वडील ७९ वर्षांचे. आम्ही गिरगावात चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री दोनदा उठतात. महिन्याभरात दोनदा तोल गेला, एकदा कपाळाला टाके पडले. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी रात्री जेवणानंतर, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन झोपताना. सकाळी मशीनवर १५२ दाखवतं म्हणून गोळी वाढवणार आहेत. वाढवावी का? — मुलगा, गिरगाव

वाढवायच्या आधी उभं राहून बीपी मोजा. बसून १५२ असलेला माणूस उभा राहिल्यावर १२० वर येऊ शकतो, आणि तो पडतो उभा राहिल्यावरच.

मोजायची रीत अशी. वडिलांना पलंगावर पाच मिनिटं आडवं राहू द्या. पट्टा दंडाला बांधलेलाच ठेवून पहिलं माप घ्या. मग उभं करा, तुम्ही शेजारी धरायला उभे राहा. उभं राहिल्यापासून एका मिनिटाने दुसरं आणि तीन मिनिटांनी तिसरं माप. दर वेळी हात टेबलावर किंवा तुमच्या हातावर छातीच्या उंचीला टेकवलेला हवा, लोंबता नको. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला उभं राहिल्यावर बीपी पडणं म्हणतात. समजा आडवं १५४/८०, एका मिनिटाने १२४/७०, तीन मिनिटांनी १२८/७२. हे तीनही आकडे कागदावर लिहून न्या. असा कागद समोर आल्यावर कुठलाही शहाणा डॉक्टर नुसती गोळी वाढवणार नाही. मधे चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून त्यांना बसवा.

आता औषधांकडे बघू. टॅमसुलोसिन प्रोस्टेटसाठी असली तरी तिचा काही परिणाम रक्तवाहिन्यांवरही होतो, आणि उभं राहिल्यावर बीपी आणखी पडू शकतं. बीपीचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी. ती रात्री जेवणानंतर घेतली की रात्रीच्या फेऱ्या आपणच वाढवून ठेवतो. ही बीपीची जोडगोळी (दोन औषधं एकाच गोळीत) सकाळी घेता येईल का आणि लघवीच्या गोळीची खरंच गरज आहे का, हे दोन प्रश्न पहिल्या भेटीत विचारा. दोन्ही डॉक्टरांकडे एकच यादी घेऊन जा.

तोवर घरात हे करा. उठताना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. पंजे दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचे म्हणजे पोटऱ्यांतलं रक्त वर ढकललं जातं. मग काहीतरी धरून उभं राहायचं, मिनिटभर तिथेच थांबायचं, आणि मग पाऊल टाकायचं. उकिडवं बसून एकदम उठणं सगळ्यात वाईट. भारतीय बैठकीच्या संडासात भिंतीला पकड बसवून घ्या. लघवी शक्यतो बसून करायची, कारण उभ्याने करताना बीपी उतरून भोवळ आल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आणि रात्रीसाठी पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवा. बहुतेक वडील याला आधी नकार देतात. काळोखात गॅलरीच्या टोकापर्यंत जाण्यापेक्षा तो पॉट बरा, हे त्यांना तुमच्यापेक्षा शेजारच्या समवयस्क काकांनी सांगितलं तर लवकर पटतं.

भरपेट जेवणानंतर तास-दोन तासही बीपी उतरतं. दुपारी आमरस-पुरी झाल्यावर लगेच बाजारात निघू नये.

एकामागोमाग तीन वेळा मोजलं तर १६८, १५१, १४३ येतं. मशीन बिघडलंय का? — दादर

बहुतेक नाही. पहिलं माप सहसा चढंच येतं, म्हणून तर एकाच मापावर कुणी निदान करू नये.

अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, सिगरेट नको. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. सोफ्यावर बसून हात मांडीवर सोडला आणि पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला, तर आकडा ७-८ ने फुगतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजताना बोलायचं नाही आणि टीव्हीवरची मालिकाही नको.

पट्ट्याचं माप बघा. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. मशीनसोबत येणारा पट्टा सहसा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड ३५ चा असेल आणि पट्टा तोच, तर बीपी खोटं जास्त दिसणार, आणि त्या खोट्या आकड्यावर खरी गोळी वाढणार. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. मनगटावरचं यंत्र ज्येष्ठांसाठी घेऊच नका.

डॉक्टरांना दाखवण्यासाठी सात दिवसांची वही करा. सकाळी गोळी घेण्यापूर्वी दोन मापं, मधे एक मिनिट. रात्री जेवणापूर्वी तशीच दोन. पहिल्या दिवसाची मापं सोडून द्या. उरलेल्या २४ मापांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० इतकी धरतात. सकाळचं माप गोळीच्या आधी घ्यायचं, कारण कालच्या गोळीचा जोर आज सकाळपर्यंत टिकला का, ते त्यातूनच कळतं. सुरुवातीला एकदा दोन्ही दंडांवर मोजा, ज्यावर जास्त येईल तोच दंड कायम वापरा. नाडी अनियमित असेल (मशीन तसं चिन्ह दाखवतं) तर दर वेळी तीन मापं घ्या आणि ईसीजी काढून घ्या.

वय ८३. आता या वयात बीपी कशाला कमी करायचं? — विलेपार्ले

प्रश्न जुना आहे, आणि एके काळी डॉक्टरही हेच म्हणत. २००८ साली हायव्हेट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८० आणि त्यापुढच्या ३,८०० हून अधिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना बीपीच्या गोळ्या आणि बाकीच्यांना औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या दिल्या, उद्दिष्ट १५०/८० असं माफक ठेवलं होतं. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू आणि हृदय निकामी होणं स्पष्टपणे कमी झालं, पक्षाघाताने जाणारेही कमी. म्हणजे वय हे गोळी बंद करण्याचं कारण नाही. पण किती खाली आणायचं, ते माणूस बघून ठरतं. रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे ८३ वर्षांचे आजोबा आणि अंथरुणाला खिळलेल्या, वजन उतरलेल्या ८३ वर्षांच्या आजी यांचं उद्दिष्ट एक असू शकत नाही. वजन बरंच घटलं, जेवण निम्म्यावर आलं, तर जुनाच डोस जास्त होतो. तेव्हा कमी करायला सांगणारे डॉक्टर हलगर्जी नसतात, उलट लक्ष देणारे असतात.

आई ७७ वर्षांची. क्लोरथॅलिडोन १२.५ सुरू केल्यावर तीन आठवड्यांत सुस्त झाली, मळमळ, मग असंबद्ध बोलायला लागली. रुग्णालयात सोडियम १२१ निघालं. इतकी वर्षं 'मीठ कमी खा' सांगितलं आणि आता सोडियम कमी म्हणून दाखल? मग मीठ वाढवायचं का? — मुलगी, बोरिवली

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण 'सोडियम' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. रक्तातलं सोडियम (१३५ ते १४५) म्हणजे पाण्याच्या मानाने सोडियम किती. आईचं मीठ कमी पडलं असं समजू नका, पाणी जास्त झालं होतं. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड या थायझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या मूत्रपिंडाला पातळ लघवी करू देत नाहीत. प्यायलेलं जास्तीचं पाणी बाहेर पडत नाही, रक्त पातळ होत जातं. सडपातळ, वयस्क बायकांमध्ये हे जास्त होतं, आणि बहुधा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. त्यात कुणीतरी 'रोज तीन लिटर पाणी प्या' सांगितलेलं असतं (हा सल्ला सरसकट सगळ्यांना का देतात, देव जाणे), जेवण चहा-बिस्किटावर आलेलं असतं, आणि कधी मन शांत राहण्यासाठी एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन चालू असते. त्यांनीही सोडियम उतरतं.

पुढे काय? या गटातली कुठलीही गोळी आईला पुन्हा द्यायची नाही, असं फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. नाव बदलून दुसऱ्या जोडगोळीतून ती परत येऊ शकते. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून लिटरमध्ये विचारून घ्या. मीठ वाढवायचं नाही, बेताचंच ठेवायचं.

बाकीच्यांनी हे ध्यानात ठेवावं: लघवीची, 'सार्टन' किंवा 'प्रिल' गटातली (रॅमिप्रिलसारखी) गोळी सुरू केली किंवा वाढवली की एक ते दोन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं) तपासायचं. तपासणी मोठी नाही आणि महागही नाही, पण लिहून द्यायची राहून जाते. आठवण तुम्ही करा.

बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं. ते वापरावं का? आणि उपासाचं सैंधव? — ठाकुरद्वार

लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीसाठी ते खरोखर चांगलं आहे. चीनमधल्या खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघात कमी झाले. पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर पोटॅशियम शरीरातच साठतं. ते ५.५ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, आणि आधी काही जाणवतही नाही. अशांनी तपासणी केल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये. रोजचं शहाळंही त्यांनी विचारून प्यावं.

सैंधव म्हणजे मीठच. रंग गुलाबी, गुण तेच.

मिठाचा हिशोब मात्र सोपा आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी महिनाभरही पुरत नसेल तर कुठे जातंय ते बघा. आणि पिशवीच्या या हिशोबात लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण, पाव धरलेलेच नाहीत, त्यांतलं मीठही त्या ५ ग्रॅममध्येच मोजायचं.

केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. आधीची शिल्लक होती. 'ह्यांनी' आठवडाभर दोन्ही घेतल्या. चूक कशी टाळायची? — चेंबूर

मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते वाचा. गरज पडली तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

नावाच्या शेपटावरून गट ओळखता येतो. शेवटी 'सार्टन' (टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, लोसार्टन), 'प्रिल' (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), 'डिपिन' (अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन), 'लोल' (मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल). एकाच शेपटाच्या दोन गोळ्या यादीत दिसल्या तर विचारा. 'सार्टन' आणि 'प्रिल' दोन्ही एकत्र दिसल्या तरी विचारा. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन पाहिलेल्या ऑनटार्गेट अभ्यासात (२००८) फायदा वाढला नाही, त्रास तेवढा वाढला.

जोडगोळ्यांच्या नावापुढे इंग्रजी अक्षरं असतात. 'एएम' म्हणजे सहसा अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' किंवा 'सीएच' क्लोरथॅलिडोन, 'एलएन' सिल्निडिपिन. 'सहसा' म्हणायचं कारण, ही अक्षरं कंपन्या आपापल्या सोयीने लावतात. एक अक्षर वाचायचं राहिलं की घरात वेगळंच औषध येतं. आणखी एक जागा घसरायची: एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ ही साध्या अ‍ॅम्लोडिपिन ५ च्या बरोबरीची असते. आकडा निम्मा दिसतो म्हणून दोन घेऊ नका.

गोळी स्वस्तातली हवी असेल तर जनऔषधी केंद्रात याच मूळ नावाने मिळते. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि 'आपला दवाखाना'मध्येही बीपीच्या नेहमीच्या गोळ्या विनामूल्य देतात. मात्र एकदा जिथून घेता तिथूनच घेत राहा. महिन्यागणिक गोळीचा रंग-आकार बदलला की ज्येष्ठ माणसाचा हिशोब चुकतोच.

आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते. पावसाळ्यात काही गोळ्या मऊ पडून पिवळट होतात. चालतील का? — लालबाग

नाही. टेल्मिसार्टनची गोळी हवेतली ओल पटकन ओढते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडायची. मुंबईच्या जुलैत उघडी ठेवलेली गोळी दोन-चार दिवसांत भुसभुशीत होते. डबी सोडू नका, फक्त पाकीट कात्रीने एकेका खणाचं कापून खणासकट डबीत टाका. कापताना मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटी वापरायला ठेवा. कापलेल्या खणाच्या कडा टोचतात, गोळी खणासकट गिळली जाऊ नये म्हणून नजर कमी असलेल्यांना कुणीतरी फोडून द्यावी.

स्वयंपाकघरातली गॅसवरची फळी आणि बाथरूमचं कपाट या दोन्ही जागा औषधासाठी वाईट. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. बेडरूममधला कोरडा खण बरा.

थोडक्यात काही.

*सकाळी घ्यावी की रात्री?* ब्रिटनमधल्या २१ हजारांवर लोकांच्या टाइम अभ्यासात (२०२२) हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक आढळला नाही. विसरणार नाही ती वेळ चांगली. लघवीची गोळी तेवढी सकाळीच.

*विसरली तर?* त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या. दोन एकदम नाही.

*गोळी मोडून, कुटून चालेल?* नावापुढे 'एसआर', 'ईआर', 'एक्सएल', 'रिटार्ड' असेल तर कुटायची किंवा चावायची नाही, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. मधे रेघ असलेल्या काहींचे दोन भाग चालतात, केमिस्टला विचारून.

*गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक?* बीपी वाढवते. 'सार्टन' आणि लघवीच्या गोळीसोबत घेतली तर मूत्रपिंडावर तिहेरी मारा होतो. साधी पॅरासिटॅमॉल आणि वरून लावायचं जेल आधी वापरून बघा. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीची फसफसणारी पावडर यांत सोडियम भरपूर असतं.

*खोकल्यावर ज्येष्ठमध?* एखादा तुकडा ठीक. रोज चघळण्याची सवय मात्र बीपी चढवते आणि पोटॅशियम उतरवते. रॅमिप्रिल घेणाऱ्याला कोरडा खोकला असेल तर खोकला बहुधा त्या गोळीचाच असतो, काढे पिऊन जाणार नाही.

जुलाब लागले तर बीपीच्या माणसाला ओआरएस द्यावं का? त्यात मीठ असतं. — परळ

द्यावं, निःशंक द्यावं. जुलाबात मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर जात असतं. पाकीट पूर्ण, त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात (मोठं पाकीट एक लिटरमध्ये), अर्धं अर्ध्यात असं अंदाजाने नाही. खोक्यातलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

चिंता ओआरएसची नाही, चालू गोळ्यांची करायची. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना 'सार्टन', 'प्रिल' आणि लघवीची गोळी तशीच चालू राहिली तर बीपी फार उतरतं आणि मूत्रपिंड दुखावतं. मधुमेहाची मेटफॉर्मिनही अशा वेळी त्रास देते. म्हणून दिवसात तीन-चारपेक्षा जास्त जुलाब-उलट्या झाल्या, किंवा तापाने खाणंपिणं बंद झालं, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा: यातल्या कुठल्या गोळ्या दोन दिवस थांबवू आणि परत केव्हा सुरू करू? बऱ्याचदा नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू करतात. पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न आधीच विचारून उत्तर लिहून ठेवलं तर उत्तमच. पण मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल आणि क्लोनिडिन या मात्र मनाने एकदम थांबवायच्या नाहीत, बीपी आणि नाडी उसळी मारतात.

रात्री अकराला आईचं बीपी १९० दाखवतं. शेजारी म्हणतात जिभेखाली गोळी फोडा. — मुलगा, माहीम

फोडू नका. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. तिने बीपी अनावर वेगाने कोसळतं आणि त्यातच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणं आहेत, म्हणून ती सोडून दिली गेली. जास्तीची रोजची गोळीही देऊ नका.

आईला बसवा. लघवीला जाऊन येऊ द्या. दुखतंय का, आजची गोळी राहिली का, भांडण झालं का, ते विचारा. गोळी राहिली असेल तर नेहमीची एक द्या. पाच-दहा मिनिटं शांत बसल्यावर पुन्हा मोजा, मग अर्ध्या तासाने. दर पाच मिनिटांनी मोजत बसलात तर काळजीनेच वाढत जाईल. आकडा उतरू लागला आणि काहीही त्रास नसेल तर तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवण्याचा आहे. १८०/१२० च्या वर टिकून राहिलं तर रात्रीच फोन करा.

त्रास असेल तर आकड्याची वाट बघायची नाही. छातीत दुखणं, धाप, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हाता-पायातली शक्ती जाणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, आणि कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये तो नसेल तर तिथे गेलेला तास वाया जातो. रात्री सीटी स्कॅन चालू असणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून फ्रिजवर चिकटवा. त्याखाली आईच्या गोळ्यांची यादी लावा. आणि निघताना घड्याळ बघून लिहा, आई शेवटची नीट बोलली ती किती वाजता. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात.